नक्कल नाणी कोणासाठी घडली? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नक्कल केलेल्या, नाण्यांसारख्या दिसणाऱ्या आणि ओळख न पटलेल्या वस्तूंविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतील काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांचा शेवट ‘हे खरे आहे की खोटे?’ या प्रश्नाने झाला आहे. त्याचे उत्तर एका शब्दात देता येते, पण ‘खोटे’ हा शब्द वाचताच पत्रलेखक ती वस्तू अडगळीत टाकून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. नक्कल करणाऱ्यानेही धातू, वेळ आणि कसब खर्च केलेले असते, आणि ते कोणाच्या तरी गरजेसाठी खर्च केलेले असते. ती गरज शोधायची असेल, तर नक्कल मूळ नाण्यापासून नेमकी कुठे दूर गेली आहे, हे आधी पाहावे लागते.

प्रश्न : आमच्या पणजीच्या पुतळीहारातील एक पुतळी सुटी झाली आहे. तिच्या एका बाजूस मध्ये काठी धरून उभ्या असलेल्या दोन आकृती आहेत. दुसऱ्या बाजूस ठिपक्यांनी भरलेल्या लंबगोलात एक उभी आकृती आहे. कडेने अक्षरांसारख्या रेघा आहेत, परंतु ती अक्षरे नागरी, मोडी किंवा फारसी नाहीत. घरात हे राम-सीतेचे नाणे मानले जाते. ते कोणत्या राजाचे असावे? (एक वाचक, वाई)

उत्तर : आपल्या पुतळीचे मूळ इटलीतील व्हेनिस या नगरराज्यात आहे. तेथे १२८४ मध्ये जियोव्हान्नी दान्दोलो या डोजच्या, म्हणजे निवडून आलेल्या राज्यप्रमुखाच्या, काळात सोन्याचे डुकाट हे नाणे पाडण्यास सुरुवात झाली आणि पुढची पाचशे वर्षे त्याचे वजन, शुद्धता व चित्र जवळजवळ बदलले नाही. मूळ नाण्याच्या एका बाजूस व्हेनिसचा रक्षक मानला गेलेला संत मार्क उभा असून तो गुडघे टेकलेल्या डोजच्या हाती ध्वज देत आहे. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी भरलेल्या लंबगोलात येशू ख्रिस्त आहे आणि भोवती ‘हे ख्रिस्ता, तू ज्यावर राज्य करतोस ते हे राज्य तुला अर्पण असो’ अशा अर्थाची लॅटिन ओळ आहे. नाण्याचे वजन साडेतीन ग्रॅम, व्यास सुमारे २० मिलिमीटर आणि सोने जवळजवळ चोवीस कॅरेटचे असे.

मिरी आणि इतर मसाल्यांच्या मोबदल्यात देण्याजोगा माल युरोपीय व्यापाऱ्यांकडे फारसा नव्हता, त्यामुळे किंमत सोन्या-चांदीत चुकती होई. हे डुकाट कैरो आणि तांबडा समुद्र किंवा इराणचे आखात या मार्गांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येत राहिले. कस न लावता घेता येईल असे सोने म्हणून सराफांचा त्यांच्यावर विश्वास बसला, आणि साठवलेले सोने अंगावर घालण्याच्या आपल्या रीतीप्रमाणे ती नाणी दागिन्यांत आली. दक्षिणेत हेच नाणे ‘शाणार काशु’ म्हणून ओळखले गेले, कारण ध्वजाची काठी धरलेला डोज तेथील लोकांना माडावर चढणाऱ्या ताडी काढणाऱ्यासारखा दिसला. वाईला राम-सीता दिसली, यात म्हणूनच नवल नाही. ज्याला जे परिचित होते, ते त्याने त्या चित्रात पाहिले.

१७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचे राज्य संपवले आणि लुडोविको मानिन हा शेवटचा डोज पायउतार झाला. नाणे बंद झाले, पण पुतळीहाराची मागणी थांबली नाही. डुकाटच्या नकला आपल्याकडे त्याआधीही होत होत्या. आता सोनारांना पुतळी स्वतःच घडवणे भाग पडले. लॅटिन न जाणणाऱ्या कारागिराने समोरच्या पुतळीवरून साचा कोरला, त्या साच्याच्या पुतळीवरून पुढच्याने कोरला, आणि प्रत्येक पिढीत अक्षरे थोडी थोडी विरघळून रेघा व ठिपके उरले. गुडघे टेकलेला डोजही याच क्रमाने उभा राहिला. आपल्या पुतळीवर दोन्ही आकृती उभ्या आहेत आणि एकही अक्षर लागत नाही, यावरून ती भारतात घडलेली नक्कल आहे, असे मी खात्रीने म्हणेन. मात्र ती कोणाला फसवण्यासाठी केलेली नव्हती. घेणाऱ्या बाईला व्हेनिसचे नाणे नको होते. तिला तिच्या आईच्या गळ्यात होती तशी पुतळी हवी होती आणि सोनाराने ती प्रामाणिकपणे दिली.

पुतळी भरीव आहे की दोन पातळ पत्रे जोडून आत लाख भरली आहे, हे पाहण्यासाठी ती पाण्यात तोलावी. शंभरांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि पुतळी दोऱ्याने बांधून, तळाला व कडेला न टेकता, पूर्ण बुडवावी. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील, तेवढे घनसेंटिमीटर तिचे आकारमान होय. साडेतीन ग्रॅमचे भरीव शुद्ध सोने सुमारे ०.१८ दाखवते, तेवढ्याच वजनाचे पितळ ०.४० च्या पुढे जाते, आणि लाख भरलेली पुतळी त्याहूनही अधिक जागा व्यापते. पुतळी लाखेची निघाल्यास तिला कधीही तापवू नये. सोनाराकडे उजळायला देण्याआधी तिचे वजन आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे नोंदवून ठेवावीत, कारण झिजलेल्या रेघा हाच तिच्या वयाचा एकमेव पुरावा आहे.

प्रश्न : माझ्याकडे तांब्याचे जाड नाणे आहे. त्याच्या एका बाजूस पर्वत घेऊन उडणारा हनुमान, दुसऱ्या बाजूस इंग्रजीत ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘हाफ आना’ आणि १८१८ हे वर्ष आहे. एका मध्यस्थाने ते तांदूळ ओढते का हे पाहण्यासाठी ‘तपासणी शुल्क’ मागितले असून, परीक्षेत उतरल्यास काही कोटी मिळतील असे सांगितले आहे. काय करावे? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : प्रथम हे स्पष्ट सांगतो की त्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये. नाण्याचे विवेचन त्यानंतर.

१८१८ हे पेशवाईच्या अस्ताचे वर्ष असल्याने आपल्याला ते सहज पटते, परंतु त्या वर्षी कंपनीचे संपूर्ण हिंदुस्थानासाठी एकच चलन नव्हते. मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. मुंबई इलाख्याच्या त्या काळच्या तांब्याच्या नाण्यांवर तराजू आणि त्यासोबत ‘अदल’, म्हणजे न्याय, हा फारसी शब्द येतो. सर्व इलाख्यांना लागू होणारे एकसारखे चलन १८३५ च्या कायद्याने आले. त्या मालिकेतील खरा अर्धा आणा १८३५ आणि १८४५ या वर्षांचा मिळतो. त्याच्या एका बाजूस सिंहांनी तोललेले कंपनीचे ढालचिन्ह व लॅटिन ब्रीदवाक्य असते. दुसऱ्या बाजूस पानांच्या वेढ्यात मूल्य आणि कडेने कंपनीचे नाव. वजन २०० ग्रेन, म्हणजे सुमारे १२.९५ ग्रॅम. आपल्या नाण्यावरचे ‘हाफ आना’ आणि कंपनीचे नाव १८३५ नंतरच्या नाण्यांवरून उचललेले आहे, चित्र देवघरातले आहे आणि वर्ष या दोहोंशी जुळत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. ‘कंपनीच्या नाण्यावर हिंदू देवता आहे, म्हणून ते खोटे’ असा सरसकट नियम अनेकजण सांगतात, तो चुकीचा आहे. मद्रास इलाख्यात कंपनीने पाडलेल्या सोन्याच्या होनांवर विष्णूची मूर्ती आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे निघालेल्या चांदीच्या अर्ध्या व पाव होनांवर एका बाजूस मंदिराचे गोपुर व दुसऱ्या बाजूस विष्णू आहे. ही नाणी पूर्णपणे अस्सल आहेत. देवता, मूल्य, भाषा, इलाखा आणि वर्ष ही सारी एकमेकांशी सुसंगत आहेत का, हेच पाहायचे असते.

मग हे तांब्याचे नाणे कोणासाठी झाले? या प्रकारात १८१८ बरोबरच १६१६, १७१७ आणि १८३९ ही वर्षेही आढळतात आणि हनुमानाखेरीज रामपंचायतन, लक्ष्मी, गणपती, कमळ, ॐ अशी चित्रे येतात. १६१६ मध्ये कंपनीची सुरतेस नुकती वखार पडली होती आणि मुंबई तिच्या ताब्यात येण्यास अजून अर्धशतक होते, हे लक्षात घेतले की वर्ष केवळ जुनेपणाचा आभास देण्यासाठी घातले आहे, हे कळते. देवता मात्र भक्ताच्या निवडीप्रमाणे बदलते. माझे मत असे की ही नाणी आरंभी यात्रेत, देवस्थानाबाहेर, देव्हाऱ्यात ठेवण्यासाठी विकली गेली, आणि ‘कंपनी सरकार’च्या नावाने त्यांना घरातील वडीलधाऱ्यांच्या पेटीत शोभेल असे वय मिळाले. त्या रूपात त्यांच्यात काही वाईट नाही.

वाईट वापर नंतर झाला. त्याच नाण्यांना दैवी शक्ती, वीज पडून आत शिरलेला इरिडियम हा दुर्मिळ धातू, परदेशी संशोधन संस्थांची मागणी अशा कथा चिकटवून लोकांकडून ‘तपासणी’, ‘विमा’ आणि ‘प्रयोगशाळा’ यांच्या नावाखाली पैसे उकळले जाऊ लागले. तांबे तांदूळ ओढत नाही आणि इरिडियमही ओढत नाही. दाणे नाण्याकडे सरकत असतील, तर नाण्याच्या आत चुंबक आणि दाण्यांवर लोखंडाची पूड आहे, असे समजावे. घरच्या डब्यातील तांदूळ आपल्या हाताने घेऊन पाहिला की हा प्रयोग तेथेच संपतो. मध्यस्थाचे निरोप आणि त्याने दिलेला क्रमांक जपून ठेवून जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे. आपण पैसे दिले नसले, तरी पुढचा माणूस वाचेल.

प्रश्न : आमच्या देवघरात चांदीचे एक नाणे आहे. एका बाजूस राम-सीता सिंहासनावर आणि भोवती परिवार, दुसऱ्या बाजूस धनुर्धारी राम-लक्ष्मण आहेत. ५१७४० असा आकडा आहे. हा कलियुगाचा संवत्सर असून नाणे हजारो वर्षांचे आहे, असे सांगितले जाते. ते खरे असेल का? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या देवघरातील वस्तू ‘रामटंका’ आहे. व्यवहारासाठी ती कधीच पाडलेली नव्हती. पूजेसाठी, दान देण्यासाठी आणि तीर्थयात्रेची खूण म्हणून अशा टंका घडवल्या गेल्या, आणि आज घरांत आढळणाऱ्या बहुतेक टंका एकोणिसाव्या व विसाव्या शतकातील आहेत. कलियुगाची आजवर ५१०० च्या थोडीच पुढे वर्षे झाली आहेत, त्यामुळे ५१७४० हा आकडा त्या गणनेत कोठेही बसत नाही. नागरीची घडणही अलीकडची आहे. रामाचे चित्र असलेले राज्यकर्त्याचे खरे नाणे पाहायचे असेल, तर अकबराच्या अखेरच्या काळातील, १६०४-०५ च्या सुमारास निघालेली, राम आणि सीता यांची चित्रे व ‘राम सीय’ ही नागरी अक्षरे असलेली नाणी आहेत. त्यांचे नमुने अत्यंत मोजके असून ते संग्रहालयांत आहेत.

आपण लिहिता की चेहरे गुळगुळीत झाले आहेत आणि खोलगट भागात कुंकू साठले आहे. चलनात फिरलेल्या नाण्याची झीज कडांना आणि सर्व उंचवट्यांना होते. अभिषेक आणि गंध लावणाऱ्या बोटांची झीज चेहऱ्यांवर आणि पायांवर अधिक होते. ही टंका ज्या कामासाठी घडली, तेच काम तिने केले, याची ती खूण आहे. कुंकू कोरून काढू नये.

प्रश्न : माझे आजोबा एडनला ये-जा करणाऱ्या जहाजावर खलाशी होते. त्यांच्या पेटीत चांदीचे मोठे नाणे मिळाले. त्यावर ओढणी घेतलेली स्त्री, मागे दोन मस्तकांचा गरुड आणि १७८० हे वर्ष आहे. पण नाणे इतके नवे दिसते की ते १७८० चे असणे शक्य वाटत नाही. ही नक्कल आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पण उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही, आणि म्हणूनच या वेळच्या पत्रांत मला हे सर्वांत आवडले.

ती स्त्री ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा आहे. पती निधन पावल्यानंतर तिने वैधव्याची ओढणी घेतली, ती नाण्यावर दिसते. तिचा मृत्यू १७८० मध्ये झाला. तिच्या नावाचा हा थालेर अरबस्तान, इथिओपिया आणि तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यांवर कॉफीच्या व्यापारात इतका रुळला होता, की तेथील व्यापारी दुसरे नाणे घेईनात. ते चित्र न्याहाळत, सम्राज्ञीच्या अलंकारावरचे मोती तपासत, आणि काही वेगळे दिसले तर नाणे परत करत. म्हणून ऑस्ट्रियाने तिच्या मृत्यूनंतरही १७८० हेच वर्ष कायम ठेवून नाणे पाडणे चालू ठेवले. १९३५ मध्ये इथिओपियावर चढाई करू पाहणाऱ्या इटलीने त्याचे ठसे मिळवले; मग त्या प्रदेशात व्यवहार करायचा असलेल्या ब्रिटननेही लंडनच्या टांकसाळीत ते पाडण्यास सुरुवात केली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते काम आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही झाले.

एडनचा कारभार १८३९ पासून जवळजवळ शतकभर मुंबई इलाख्यातून चालत होता, आणि कोकणातील खलाशांची तेथे नित्य ये-जा होती. आजोबांच्या पेटीतील थालेर मुंबईत पाडला जाऊन एडनला गेला आणि तेथून रत्नागिरीला परत आला, असेही घडलेले असू शकते. टांकसाळ ठरवण्यासाठी अभ्यासक गरुडाच्या शेपटीतील पिसांची मांडणी आणि सम्राज्ञीच्या अलंकारातील बारकावे पाहतात, तेव्हा या दोन जागांची स्पष्ट, जवळून घेतलेली छायाचित्रे आवश्यक आहेत.

चांदी खरी आहे का, हे मात्र घरीच कळेल. अधिकृत थालेरचे वजन २८.०७ ग्रॅम, व्यास सुमारे ४० मिलिमीटर आणि हजारात ८३३ भाग चांदी असते. वर सांगितल्याप्रमाणे पाण्यात तोलल्यास काट्यावर २.७५ च्या आसपास आकडा यावा. कडेवर ‘न्याय आणि दया’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे उठावात असतात. साच्यात ओतलेल्या खोट्या थालेरांवर ही अक्षरे बसकी पडतात किंवा कानशीने घासून गेलेली असतात. वजन, आकारमान आणि कड या तिन्ही गोष्टी जुळल्या, तर आपल्याकडे जे आहे ती नक्कल नसून राज्यकर्त्याच्या टांकसाळीने जुन्याच ठशाने, जुन्याच वर्षाने, पुन्हा पाडलेले अस्सल चांदीचे चलन आहे.

प्रश्न : लंडनमधील जुन्या वस्तूंच्या बाजारात पितळेचे, सॉव्हरिन या सोन्याच्या इंग्रजी नाण्याच्या आकाराचे एक नाणे मिळाले. एका बाजूस तरुण व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूस मुकुट घातलेला घोडेस्वार, ‘टू हॅनोव्हर’ ही अक्षरे आणि १८३७. यावर मूल्य नाही. हे कशासाठी असावे? (एक वाचिका, लंडन)

उत्तर : १८३७ मध्ये चौथा विल्यम मरण पावला आणि व्हिक्टोरिया इंग्लंडच्या गादीवर आली. तोवर इंग्लंडचा राजाच जर्मनीतील हॅनोव्हरचाही राजा असे; परंतु तेथील वारसा-नियमानुसार स्त्रीला गादी मिळत नसल्याने हॅनोव्हर तिचा काका, कंबरलंडचा ड्यूक अर्न्स्ट ऑगस्टस, याच्याकडे गेले. हा ड्यूक इंग्लंडमध्ये अत्यंत अप्रिय होता. पितळी नाण्यावरचा स्वार तोच आहे, आणि ‘हॅनोव्हरला’ हा त्याला दिलेला निरोप आहे. सोन्याच्या सॉव्हरिनवर पिस्त्रुची याने कोरलेला, ड्रॅगनला मारणारा संत जॉर्ज लोकांच्या नजरेत होता. त्याच मांडणीत ड्यूकला बसवल्यामुळे टोला अचूक लागला.

राजकीय प्रसंग जुना झाल्यावरही ही पितळी नाणी अनेक दशके होत राहिली, कारण पत्त्यांच्या डावात पैशांऐवजी मांडायला ती सोयीची होती. सोनेरी रंगामुळे अंधारात सॉव्हरिन म्हणून खपवण्याचे प्रकारही झाले. खऱ्या सॉव्हरिनचे वजन ७.९९ ग्रॅम असते आणि पितळी नक्कल त्याहून बरीच हलकी असते, त्यामुळे तळहातावर घेताच फरक कळतो. मूल्य न लिहिणे हीदेखील घडवणाऱ्याची सावधगिरी होती.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या जुन्या कपाटात ग्रीक नाण्यासारखे एक नाणे आहे. चित्र अतिशय सुबक आहे, पण कडेवर पूर्ण वर्तुळात बारीक सांधा दिसतो. (एक प्राध्यापक, नागपूर)

उत्तर : सांधा असूनही चित्र इतके सुबक असेल, तर ती बहुधा विद्युतलेपनाने केलेली शैक्षणिक प्रतिकृती आहे. मूळ नाण्याच्या दोन्ही बाजूंचे ठसे घेऊन त्यांवर विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवत आणि ते दोन कवच शिसे भरून जोडत. ब्रिटिश म्युझियमसाठी रॉबर्ट रेडी आणि त्याच्या मुलांनी एकोणिसाव्या शतकात अशा उत्कृष्ट प्रतिकृती केल्या. त्यांतील अनेकांच्या कडेवर त्याच्या नावाची ‘आर आर’ ही आद्याक्षरे असतात. कडेकडे भिंगाने पाहावे. अशा प्रतिकृती आज स्वतंत्रपणे संग्रहिल्या जातात, तेव्हा कपाटाच्या नोंदवहीत तिची नोंद ‘प्रतिकृती’ म्हणूनच, पण काळजीपूर्वक करावी.

प्रश्न : किल्ल्यावर सहलीला गेलेल्या मुलाने ‘शिवराई होन’ आणला आहे. तो खऱ्यापासून वेगळा कसा ओळखावा? (एक पालक, नाशिक)

उत्तर : शिवछत्रपतींच्या खऱ्या होनाचे वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असून तो करंगळीच्या नखाएवढा लहान आहे. त्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे आहेत. हाताने पाडलेल्या नाण्यावर ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे काही अक्षरे कडेबाहेर जातात. स्मृतिचिन्ह म्हणून विकला जाणारा होन पितळेचा व मुलामा दिलेला, बराच मोठा, आणि सर्व अक्षरे नेमकी मध्यभागी असलेला असतो. घेणाऱ्याला मजकूर वाचता यावा, म्हणून तो तसा केला जातो आणि ते योग्यच आहे. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने अशा नकलांवर ‘कॉपी’ हा शब्द उमटवणे बंधनकारक आहे. आपल्याकडील विक्रेत्यांनीही कडेवर ‘प्रतिकृती’ एवढा शब्द आवर्जून घालावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण मुलामा उडालेला आणि माती लागलेला हाच होन पुढे ‘शेतात सापडला’ म्हणून विकायला येतो. मुलाला खरी नाणी दाखवायची असतील, तर नाशिकजवळ अंजनेरी येथील भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्थेचे नाणेसंग्रहालय आपल्याला जवळच आहे. जाताना हा होनही बरोबर न्यावा आणि खऱ्या नाण्यांशेजारी धरून त्याला स्वतःच फरक शोधू द्यावा.